रोमहून एका दिवसात पॉम्पेई: गाइडेड टूर घ्यावी का, आणि घेतली तर कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी म्युनिकला नोकरीला, पुण्याहून आई-बाबा येणार, आईचं वय 64, बाबांचं 69 आणि त्यांचा एक गुडघा कुरकुरतो. सोबत दहा वर्षांचा नातू. रोममध्ये चार रात्री मुक्काम, त्यातला एक दिवस पॉम्पेईसाठी, म्हणजे नेपल्सजवळच्या, इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या रोमन शहरासाठी राखलेला. रोमहून निघणारी बसची गाइडेड टूर घ्यावी की आपलं आपण जावं? दोन तासांत पॉम्पेई बघून होतं का? त्याच दिवशी व्हेसुव्हियस ज्वालामुखी किंवा अमाल्फीचा किनारा जोडावा का? आणि आई-बाबांना झेपेल का?

मी टूर लीडर आहे. मराठी मंडळींना घेऊन इटलीत जाणं हा माझा व्यवसाय आहे आणि पॉम्पेई ही त्यातली माझी सगळ्यात लाडकी जागा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. पॉम्पेईला गाइड घ्याच. पण टूर निवडताना जाहिरातीतली ठिकाणांची यादी बघू नका. उत्खननाच्या आवारात प्रत्यक्ष किती तास मिळणार, एवढं एकच विचारा. चार तासांच्या खाली उत्तर आलं, तर ती टूर सोडा. अमाल्फी अजिबात जोडू नका. व्हेसुव्हियसही तुमच्या घरच्या मंडळींसोबत नको.

आता हिशोब बघा. रोम ते पॉम्पेई रस्त्याने साधारण 240 किलोमीटर. बसला वाटेतला थांबा धरून जायला तीन तास, यायला तीन तास. सकाळी सातला निघालेली बस दहा-साडेदहाला पोचते. मग तिकिटं, हेडफोन, स्वच्छतागृहाची रांग यात अर्धा तास जातो. आत दोन तास फिरवतात, मग ठरलेल्या हॉटेलात जेवण, आणि लगेच पुढचं ठिकाण. बारा-तेरा तासांच्या दिवसात ज्या गावासाठी आपण एवढा आटापिटा केला, त्याच्या वाट्याला दोनच तास येतात. पॉम्पेई म्हणजे सुमारे 66 हेक्टरचं तटबंदीतलं अख्खं शहर आहे, आणि त्याचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग उकरून झालेला आहे. दोन तासांत फोरम म्हणजे गावाचा मुख्य चौक, एक स्नानगृह, एक-दोन घरं आणि काचेमागचे मृत माणसांचे प्लास्टरचे साचे एवढंच होतं. माणसं फोटो घेऊन बाहेर पडतात आणि हॉटेलवर आल्यावर म्हणतात, "दगडच दगड होते." त्यात त्यांचा दोष नसतो. त्या दगडांशी ओळख व्हायला वेळच मिळालेला नसतो.

रेल्वेने याच्या उलट होतं. रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून नेपल्सला जलद गाडीने सुमारे एक तास दहा मिनिटं. नेपल्सच्या मुख्य स्थानकातच खाली उतरलं की सर्कमवेसूव्हियाना ही लोकल मिळते. सोरेंटोच्या दिशेची गाडी पकडायची आणि 'पॉम्पेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी' या स्थानकावर उतरायचं. हा प्रवास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. स्थानकासमोरच पोर्ता मरीना हे प्रवेशद्वार आहे. रोमहून सातच्या सुमारास निघालात तर साडेनऊच्या आसपास दारात उभे असता. गाइडने तिथेच भेटायचं, अडीच-तीन तास त्याच्यासोबत, पुढचे दोन तास आपले आपण. संध्याकाळी आठपर्यंत रोमला परत. दिवस तेवढाच, पण आतले तास दुपटीहून जास्त.

लोकल जुनी आहे, गर्दी असते, एसीची खात्री नाही, जिने चढावे-उतरावे लागतात आणि खिसा-पाकीट सांभाळावं लागतं. बाबांच्या गुडघ्याला ते जड वाटत असेल तर नेपल्स स्थानकापासून पॉम्पेईपर्यंत आधी ठरवलेली गाडी घ्या. चौघांत खर्च वाटला की तो टोचत नाही. काही टूर कंपन्या रोम-नेपल्स रेल्वे, पुढे लहान गाडी आणि दारात गाइड अशी जोडणी करून देतात. तुमच्यासाठी मला तीच सर्वांत योग्य वाटते. दारापासून दारापर्यंतची बस वयस्कांना सोयीची असते हे खरं, पण मग अशी बस शोधा जी फक्त पॉम्पेईच करते. अशाही असतात, यादीत त्या खाली असतात इतकंच, कारण 'एका दिवसात तीन ठिकाणं' हे वाचायला भारी वाटतं.

गाइडबद्दल थोडं नीट सांगतो. इटलीत पुरातत्त्वस्थळावर माहिती सांगण्यासाठी अधिकृत परवाना लागतो. माझ्यासारखा टूर लीडर ग्रुपची सगळी व्यवस्था बघतो, पण आत उभं राहून समजावून सांगण्याचं काम परवानाधारक स्थानिक गाइडचंच. बुकिंग करताना 'परवानाधारक गाइड आत सोबत असणार का' हे लेखी विचारा. काही स्वस्त टूर फक्त ने-आण करतात. दारात पोचवून हातात नकाशा नाहीतर ऑडिओ गाइड देतात आणि जाहिरातीत मात्र 'गाइडेड' लिहिलेलं असतं. दुसरा प्रश्न ग्रुपच्या आकाराचा. पन्नास माणसांचा ग्रुप एका रोमन घराच्या दारातून आत जाऊन बाहेर येईपर्यंतच दहा मिनिटं जातात. पंधराच्या आतला ग्रुप असेल तर गाइडला भिंतीवरची बारीक रेघसुद्धा बोट दाखवून सांगता येते. आणि स्थानकाबाहेर पडल्या पडल्या 'तिकीट इकडे, टूर इकडे' करत जे कागद नाचवतात, त्यांच्याकडून काहीही घेऊ नका. अधिकृत तिकीट खिडकी प्रवेशद्वाराशी आहे, आणि तुम्ही तर ऑनलाइनच काढून ठेवा.

तिकिटांचा नियम आता कडक झाला आहे. नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला जास्तीत जास्त 20,000 माणसांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं. म्हणून टूर कंपनीला नावं पासपोर्टवर आहेत तशीच द्या आणि त्या दिवशी मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, नातवाचं वय दाखवणारं काहीतरी सोबत असू द्या. महिन्याचा पहिला रविवार सगळ्यांनाच मोफत असतो, आणि नेमकं त्याच कारणासाठी तो दिवस टाळा. 30 बाय 30 बाय 15 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. दारात सामान ठेवायची सोय आहे.

आता आत काय बघायचं, आणि गाइडशिवाय ते का हुकतं.

एक उदाहरण देतो. रस्त्याच्या कडेला जी दुकानं आहेत, त्यांच्या उंबऱ्यांकडे बघा. दगडी उंबऱ्यात लांबच लांब सरळ खाच कोरलेली दिसते, आणि ती एका टोकाला थोडी आधी थांबते. त्या टोकाला दाराच्या बिजागरीचं भोक असतं. दुकान बंद करताना लाकडी फळ्या एकीत एक सरकवत त्या खाचेत बसवायच्या, आणि सगळ्यात शेवटी टोकाचं छोटं दार लावून कुलूप घालायचं. फळ्या केव्हाच गेल्या, खाच तेवढी राहिली. ही खाच एकदा कळली की पुढच्या रस्त्यावर गाइडची गरज उरत नाही. हे दुकान, हे घर, हे दुकान, असं तुमचा नातूच ओळखत सुटेल. चांगला गाइड हेच करतो. तो तुम्हाला बघायला शिकवतो, आणि मग मागे सरतो.

तसंच रस्त्यांचं. गावात ठिकठिकाणी दगडी कारंजी होती, त्यांचं पाणी सतत वाहत असे आणि ते रस्त्यावरून उताराने जाई. जमिनीखालची गटारं थोडी. म्हणून पायवाटा उंच बांधल्या आहेत आणि रस्ता ओलांडायला मधे मोठे दगड बसवले आहेत. त्या दगडांमधल्या फटी गाड्यांच्या चाकांसाठी सोडलेल्या. चाकं जाऊन जाऊन फरसबंदीत पडलेल्या चाकोऱ्या नेमक्या त्या फटींतून जातात. एखाद्या कारंज्याच्या काठाला हात लावून बघा. पाणी पिताना वाकायला लोक जिथे हात टेकत, तिथे दगड गुळगुळीत होऊन खाली बसला आहे. हे पुस्तकात वाचून कळत नाही. आपला हात त्याच जागी टेकला की कळतं.

खाण्याची दुकानं, म्हणजे थर्मोपोलियम, ही तर गावभर आहेत. रस्त्याच्या बाजूला इंग्रजी एल आकाराचा ओटा, त्यात मोठाली मातीची भांडी पुरलेली. 2021 मध्ये पाचव्या विभागातलं एक असं दुकान लोकांसाठी खुलं झालं. त्याच्या ओट्यावर कोंबडा आणि उलटी टांगलेली बदकं रंगवलेली आहेत, आणि भांड्यांत अन्नाचे अवशेषही मिळाले. बेकरीत काळ्या लाव्हा दगडाची उंच, मधे बारीक अशी जाती उभी आहेत. गाढव नाहीतर खेचर त्यांना गोल फिरवत असे. जात्याभोवतीची जमीन मुद्दाम कठीण दगडाने फरसबंद केलेली आहे, जनावराच्या खुरांनी ती उकरली जाऊ नये म्हणून. मोदेस्तुसची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेकरीच्या भट्टीत 81 पाव जळून कोळसा झालेल्या अवस्थेत सापडले. उद्रेक झाला तेव्हा ते आत भाजत होते.

श्रीमंतांची घरं बघताना वाड्यात वाढलेल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही: दिंडीतून आत आलं की उघडा चौक, मधे पावसाचं पाणी झेलणारं उथळ कुंड, भोवती खोल्या, मागे स्तंभांची ओसरी आणि बाग. तुमच्या आईंना हे घर पटकन आपलं वाटेल. फॉनच्या घरात जा. ते सुमारे तीन हजार चौरस मीटरचं, गावातलं सर्वांत मोठं घर. अलेक्झांडर आणि पर्शियाचा राजा दारियस यांच्या लढाईचं प्रसिद्ध मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र, 1831 मध्ये तिथेच मिळालं. जागेवर आहे ती प्रतिकृती, मूळ नेपल्सच्या संग्रहालयाकडे. वेत्ती बंधूंचं घर वीसेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर जानेवारी 2023 मध्ये पुन्हा उघडलं. भित्तिचित्रांसाठी त्याला तोड नाही. हे दोघे गुलामगिरीतून मुक्त झालेले, व्यापारात पैसा कमावलेले लोक होते, आणि घरही 'आम्ही आता इथवर पोचलो' असं सांगण्यासाठी रंगवलेलं आहे.

इथे एक कौटुंबिक सूचना. वेत्तींच्या दारातच प्रियापस या प्रजननदेवाचं ठळक लैंगिक चित्र आहे, आणि बहुतेक गाइड ग्रुपला कुंटणखान्यातही नेतात. तिथली जागा चिंचोळी आहे, रांग लांब असते. आजी-आजोबा आणि दहा वर्षांचा नातू सोबत असताना तुम्हाला ते नको असेल तर सकाळी सुरुवातीलाच गाइडला सांगा, तो मार्ग बदलतो. त्या रांगेतली वीस मिनिटं वाचली तर स्टेबियन स्नानगृहात घालवा. भिंतीत आणि फरशीखाली गरम हवा खेळवण्याची जी व्यवस्था होती, ती तिथे उघडी दिसते.

नातवासाठी एक खेळ सुचवतो. अब्बोंदान्झा नावाच्या मोठ्या रस्त्यावर भिंतींवर लाल रंगात निवडणुकीच्या जाहिराती रंगवलेल्या आहेत. दरवर्षी इथे नगराधिकारी निवडले जात, आणि शेजारी, कारागीर, दुकानदार आपापल्या उमेदवारासाठी भिंती रंगवत. त्यात ओ, व्ही, एफ ही तीन रोमन अक्षरं एकत्र गुंफलेली वारंवार येतात. 'यांना निवडून द्या अशी माझी विनंती' या वाक्याचं ते लघुरूप. ती तीन अक्षरं शोधायला मुलांना सोडा, उन्हाचीही तक्रार राहत नाही.

गाइड चांगला की नुसताच पाठ केलेला, हे कसं ओळखायचं? तो उद्रेक कसा सांगतो त्यावरून. इ.स. 79 मध्ये पॉम्पेईवर लाव्हा वाहत आला नाही. दुपारच्या सुमारास व्हेसुव्हियसमधून प्रचंड स्तंभ आकाशात गेला, मग कित्येक तास हलक्या सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला, त्या भाराने छपरं कोसळली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त वायू आणि राखेचे लोट गावावरून गेले. बऱ्याच लोकांना पळायला वेळ मिळाला होता. जे थांबले, अडकले किंवा उशिरा निघाले, ते त्या लोटांत गेले. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेली दोन पत्रं हा या घटनेचा प्रत्यक्षदर्शी पुरावा आहे. त्याचे मामा, थोरले प्लिनी, जहाजं घेऊन मदतीला गेले आणि किनाऱ्यावरच वारले. तारीख परंपरेने 24 ऑगस्ट सांगतात. पण 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबर महिन्यातली तारीख मिळाली, त्यामुळे उद्रेक शरद ऋतूत झाला असावा या मताला बळ आलं. गाइड हे सगळं सांगतो की 'लाव्ह्याने माणसांचे दगड केले' एवढ्यावर भागवतो, ते ऐका.

त्या माणसांबद्दलही. काचेमागे दिसतात ती दगड झालेली शरीरं नव्हेत. राख घट्ट झाली, आतलं शरीर कुजून गेलं आणि पोकळी उरली. त्या पोकळीत प्लास्टर ओतून साचा काढण्याची पद्धत पुरातत्त्वज्ञ ज्युझेप्पे फियोरेल्ली यांनी 1863 मध्ये रूढ केली. हाडं अजून त्या प्लास्टरच्या आत आहेत. आजवर हजाराहून जास्त मृतांचे अवशेष मिळाले, साचे मात्र त्यातल्या शंभरेकांचेच. 2024 मध्ये त्यातल्या काही हाडांच्या डीएनए तपासणीचे निकाल आले. सोन्याचं कडं घातलेली आई आणि तिच्या मांडीवरचं मूल म्हणून ज्या दोघांची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जात होती, त्यातली मोठी व्यक्ती पुरुष निघाली, आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातंही नव्हतं. म्हणजे मरणाच्या घटकेला कुणीतरी परक्याचं मूल जवळ घेतलं होतं की ते योगायोगाने एकत्र आले होते, हे आता कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. मला ही गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षा जास्त हलवून जाते. या साच्यांसमोर हसरे सेल्फी काढू नका, आणि मुलालाही आधी दोन शब्द समजावून मगच तिथे न्या.

आता आई-बाबांना झेपेल का? सपाट रस्त्यावर थांबत-थांबत तीन-चार किलोमीटर चालू शकत असतील तर झेपेल, पण जागा सोपी नाही. काळ्या दगडांची फरसबंदी ओबडधोबड आहे, मधूनच पॉलिश केल्यासारखी निसरडी होते, आणि पायवाटेवरून रस्त्यावर उतरताना पायरी चांगलीच उंच असते. चपला, सँडल नकोत. मागे पट्टा असलेले, तळव्याला पकड असलेले बूट हवेत. पोर्ता मरीनाची चढण खडी आहे. ती बाबांना नको वाटली तर थोडं पुढे पियाझ्झा एसेद्रा या दुसऱ्या प्रवेशद्वाराकडून जा, किंवा अँफिथिएटरच्या, म्हणजे खेळांच्या गोलाकार प्रेक्षागृहाच्या, बाजूने. त्या बाजूने व्हीलचेअर आणि बाबागाडीसाठी तयार केलेला, सुमारे साडेतीन किलोमीटरचा सुगम मार्ग सुरू होतो आणि अब्बोंदान्झा रस्त्याने गावाच्या मध्यापर्यंत येतो. चालताना हातकाठी असू द्या, नेहमी लागत नसली तरी.

सावली जवळजवळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो आणि दगड दुपारभर तापतो. मराठवाडा-विदर्भातल्या माणसांनाही तिथलं ऊन लागतं, कारण आडोसा कुठे मिळत नाही. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. टोपी, आणि प्रत्येकी एक बाटली. आत नळ आणि कारंजी आहेत, पाणी पिण्याजोगं आहे, पुन्हा भरता येतं. फोरमजवळ एक उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे. गाइडचा भाग संपला की तिथे अर्धा तास टेका आणि मगच पुढचं ठरवा. शाकाहारी मंडळींना बाहेर मार्गेरिटा पिझ्झा कुठेही मिळतो, आणि नेपल्सच्या परिसरात तो खाणं हा सुखाचा भाग आहे. नोव्हेंबर ते मार्चमध्ये पाचला बंद होतं आणि साडेतीननंतर आत घेत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

मोकळ्या दोन तासांत नातवाला आणि ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांना घेऊन अँफिथिएटरपर्यंत जा. इ.स.पू. 70 च्या सुमाराचं हे बांधकाम दगडी अँफिथिएटरांत आज उभ्या असलेल्यांपैकी सर्वांत जुनं मानतात. रोमच्या कलोसियमपेक्षा ते दीडशे वर्षांच्या आसपास आधीचं आहे. इ.स. 59 मध्ये इथे पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुचेरियाचे प्रेक्षक यांच्यात खेळ चालू असताना इतकी हाणामारी झाली की रोमने दहा वर्षं तिथल्या खेळांवर बंदी घातली. मैदानाच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवून बघा. बाबा मात्र फोरममध्येच बसले तरी चालेल. तिथून खांबांच्या मागे व्हेसुव्हियस समोर दिसतो आणि गावाचं सगळं गणित बसल्या जागी कळतं.

व्हेसुव्हियस जोडण्याबद्दल: वाहन सुमारे हजार मीटर उंचीपर्यंत जातं, पुढे खडी-वाळूच्या चढावर वीस-तीस मिनिटं चालावं लागतं, आणि वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. तरुण ग्रुपला मी ते खुशाल सांगतो, कारण 1281 मीटर उंचीच्या त्या डोंगराच्या तोंडाशी उभं राहणं विलक्षण आहे. शेवटचा उद्रेक 1944 चा. पण बाबांचा गुडघा आणि पॉम्पेईचे तास, दोन्ही त्यात खर्च होतात. अमाल्फीचा प्रश्नच नाही. वळणावळणाचा रस्ता, उन्हाळ्यातली वाहतूक, आणि तिथे पोचून तासभर आइसक्रीम खायचं. त्याला वेगळा मुक्काम द्या किंवा पुढच्या वेळी करा.

एवढं वाचून आई-बाबांचा विचार करता धाकधूक वाटत असेल, तर दुसरा चांगला पर्याय आहे: ओस्तिया अँतिका. रोमचं हे जुनं बंदर रोमपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. पिरामिदे मेट्रो स्थानकाला लागून असलेल्या पोर्ता सान पाओलोहून लोकलने अर्धा तास. हे गाव राखेत गाडलं गेलं नाही. बंदर गाळाने भरलं, वस्ती हळूहळू ओसरली आणि गाव मातीखाली गेलं. जमीन सपाट आहे, पाइन वृक्षांची सावली आहे, गर्दी कितीतरी कमी. बहुमजली भाड्याच्या इमारती, सार्वजनिक शौचालय, आणि व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांच्या चौकातली मोझेकं: कुठे जहाज, कुठे दीपगृह, आणि आफ्रिकेतल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांच्या दारात हत्ती. सोमवारी बंद असतं. गाइडसह अर्ध्या दिवसात नीट होतं. बाबांचा गुडघा खरोखर दुखत असेल तर मी बिनदिक्कत ओस्तिया सुचवेन, आणि त्यांना काही गमावल्यासारखं वाटणार नाही.

पण जमत असेल तर माझी मनापासूनची सूचना अशी: रोमच्या चार रात्रींपैकी एक रात्र नेपल्सला हलवा. मग पॉम्पेई घाईचं राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नेपल्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय होतं. पॉम्पेईत भिंती आणि रस्ते आहेत. चित्रं, भांडी, मोझेकं, जळालेला पावसुद्धा, असा बराचसा ऐवज या संग्रहालयाकडे आहे. आणि मराठी माणसाने तिथे जाण्याचं एक खास कारण आहे. 1938 मध्ये अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात अब्बोंदान्झा रस्त्याजवळच्या एका घरात सुमारे 25 सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. गळ्यात हार, हातभर बांगड्या, दोन्ही बाजूंना छोट्या सेविका. भारतात घडवलेली. तिला आधी लक्ष्मी म्हटलं गेलं. आज बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात, आणि ती आरशाची मूठ किंवा फर्निचरचा भाग असावी असं मानतात. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्या आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर; तिथला माल भडोचच्या बंदरातून पश्चिमेला जात असल्याचा उल्लेख पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी माहितीपुस्तकात आहे. म्हणूनच काही अभ्यासक या मूर्तीचं मूळ सातवाहनांच्या काळातल्या आपल्या मराठवाड्याच्या परिसरात शोधतात. उलट दिशेचा पुरावा कोल्हापूरला आहे: ब्रह्मपुरीच्या 1945-46 च्या उत्खननात पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती मिळाली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात बघता येते. आई-बाबा पुण्याला परतल्यावर तेरचं लामतुरे संग्रहालय एका सुट्टीत सहज करू शकतात.

नेपल्समध्ये ही मूर्ती 'गुप्त दालन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात ठेवलेली आहे. तिथे कामविषयक चित्रं-शिल्पं असल्याने लहान मुलांना मोठ्यांसोबतच सोडतात. दोघांनी आत जाऊन मूर्ती बघा, तोवर एकाने नातवाला अलेक्झांडरच्या मोझेकच्या दालनाकडे घेऊन जा. तिकीट काढण्याआधी दोन्ही दालनं त्या दिवशी उघडी आहेत ना, हे विचारून घ्या, कारण डागडुजीसाठी काही भाग अधूनमधून बंद असतात. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, म्हणून पॉम्पेई सोमवारी ठेवू नका. मंगळवारी पॉम्पेई आणि बुधवारी संग्रहालय असा क्रम लावा.